जिन्याखालचा प्लग

"डोळ्यांत साबण, आणि नळातून नुसती हवा. मी आतून ओरडतोय, तर ही बाहेरून सांगते, पंपच बंद पडलाय. का बंद पडला? तर यांची गाडी जेवायला बसली होती." दुसऱ्या मजल्यावरचा शिंपी बोलत होता. त्याचे डोळे अजून लाल होते आणि ते तो प्रत्येकाला जवळ जाऊन दाखवत होता.

"विजेचे पैसे मी वेगळे देते," ताई म्हणाली. "पहिल्यापासून देते. फुकट काही घेत नाही कुणाचं."

"पैशांचं कोण बोलतंय, ताई? आपण पाण्याचं बोलतोय." सेक्रेटरींचा आवाज कधी चढत नसे. गळ्यात दोरी, दोरीला इमारतीच्या सगळ्या किल्ल्या, असा तो किडकिडीत माणूस जिन्याखाली वाकला आणि भिंतीवरच्या प्लगवर त्याने बॅटरीचा उजेड टाकला. "या, बघा सगळ्यांनी. काळा पडलाय. कडा वितळल्यात. पंप आणि गाडी एकाच तारेवर. पंप सुरू झाला आणि फ्यूज उडाला, हे आपलं नशीब. उडाला नसता तर काय झालं असतं, ते मी बोलत नाही. वर जिना आहे, आणि आपण सगळे याच जिन्याने जातो-येतो."

"पण शोरूमच्या माणसाने आधी बघितलं होतं सगळं. गाडी आणतानाच मी तुम्हाला तसं सांगितलं होतं, आणि त्यावरच तुम्ही हो म्हणालात. माझा भाऊ त्याच धंद्यात आहे. येतोच आहे तो, त्यालाच विचारा."

तो आलेलाच होता. मघापासून फाटकाशी, ताईच्या नव्याकोऱ्या गाडीच्या आडोशाला उभा होता. 'जरा येऊन जा, लोक तापलेत, तू नीट समजावून सांगशील,' असा ताईचा फोन आला तेव्हा त्याला त्यात अवघड काही वाटलं नव्हतं. समजावून सांगणं हा तर त्याचा पोटापाण्याचा उद्योग. विजेच्या गाड्यांच्या शोरूममध्ये त्याला सगळे मास्तर म्हणत ते याचसाठी. आजोबांपासून नातवापर्यंत कुणाही गिऱ्हाइकाला तो गाडी अशी समजावून देई की माणूस पहिल्या इयत्तेतून पास होऊन निघाल्यासारखा खुशीत बाहेर पडे. पण आता प्लगच्या त्या काळ्या डागावर उजेड पडला आणि मास्तरांचे पाय गाडीपाशीच थबकले.

"हा काय आला," ताईने त्याला पाहिलं. "बाळ्या, ये रे. सांग यांना."

पन्नाशीच्या माणसाला चारचौघांत बाळ्या म्हटलेलं ऐकून शिंप्याला जरा हसू आलं. मास्तर पुढे झाले. हात आपोआप जोडले गेले, आवाज आपोआप शोरूमचा झाला.

"नमस्कार. काय असतं, की विजेच्या गाडीबद्दल सुरुवातीला थोडे गैरसमज असतात..."

"गैरसमज नव्हता हो," शिंपी म्हणाला, "साबण होता."

लोक हसले. मास्तरही हसले, जरुरीपेक्षा जास्त. सेक्रेटरी मात्र हसले नाहीत. त्यांनी बॅटरी विझवली, खिशात ठेवली आणि साध्या माहितीसाठी विचारावं तसं विचारलं, "तुमचा माणूस कधी आला होता बघायला? मला आठवेना. पंपाची तार कुठून येते ते मीटरच्या खोलीत गेल्याशिवाय कळत नाही, आणि तिथली किल्ली माझ्याकडे असते. माझ्याकडे तर कुणी मागितली नाही."

मास्तरांनी तोंड उघडलं. एरवी त्या तोंडात उत्तर तयार असे, प्रश्न संपायच्या आधी. आज त्यांनी प्लगकडे पाहिलं, मग किल्ल्यांकडे, मग नको तिकडे, म्हणजे ताईकडे पाहिलं.

ताई त्यांच्याकडेच बघत होती. लहानपणी तो शाळेतून आला की ती दारातच अशी बघायची, आणि दप्तर न उघडता तिला कळायचं. आताही तिला कळलं. कळलेलं तिच्या चेहऱ्यावर कुठेही दिसलं नाही. कुणाला दिसलं असेल तर ते मास्तरांनाच.

"आला होता," ताई म्हणाली. "तुम्ही तेव्हा गावाला गेला होतात. मी होते ना इथे. दुपारी आला, बघून गेला."

सेक्रेटरींनी किल्ल्यांची दोरी सरळ केली. "तुम्ही म्हणता म्हणजे आला असणार," ते म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला.

मास्तरांना वाटलं, सेक्रेटरींनी वाद घातला असता, खोटारडे म्हटलं असतं, कॉलर धरली असती तरी चाललं असतं. पण त्या माणसाने एका वाक्यात विश्वास ठेवला, कारण ताई म्हणाली होती. या इमारतीत पाण्याचा वार ठरवताना भांडण झालं की लोक ताईला विचारत. तिने कुणाची बाजू घेतली असं कधी झालं नव्हतं. आज झालं.

ठरलं ते एवढंच, की जिन्याखालचा प्लग बंद. सेक्रेटरींनी त्यावर पत्र्याचं झाकण ठोकायला घेतलं. स्वतंत्र तार ओढायची असेल तर कंपनीच्या वायरमनने येऊन सांगावं, मग बैठक घेऊ. तोवर गाडी इमारतीत चार्ज करायची नाही. लोक पांगले. शिंपी जाता जाता मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "गाडी मात्र झकास आहे हो. आवाज म्हणून नाही. शेजाऱ्यांचाच काय तो होतो."

तिसऱ्या मजल्यावर ताईने चहा टाकला. भावजी खिडकीशी बसून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना दोनच कामं होती, कोडं सोडवणं आणि बायकोची थट्टा करणं, आणि दोन्ही ते मन लावून करत.

"या मास्तर. मिटलं का महायुद्ध?" त्यांनी विचारलं. "तुमच्या ताईने आता नवा उद्योग काढलाय, माहीत आहे ना? सकाळी गाडी चरायला नेते. फर्निचरच्या दुकानामागे कुरण आहे. तिथे गाडी सोडते आणि आपण झाडाखाली बसून राखण करते. संध्याकाळी परत आणते. दूध मात्र देत नाही अजून."

ताईचं काम लोकांच्या घरी जाऊन व्यायाम देण्याचं. कुणाचं खुब्याचं हाड मोडलेलं, कुणाचा अर्धांगाने गेलेला हात, कुणाचा गुडघा बदललेला. घडीची खाट, वजनं, पट्टे, चेंडू, सगळं बिऱ्हाड गाडीत घालून ती शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरे. जुनी पेट्रोलची गाडी होती, म्हातारी झालेली, पण चालणारी. ती देऊन ही घेतली होती. बाळ्या म्हणाला म्हणून.

"खालच्या प्लगवर रात्रभरात निम्मीसुद्धा भरत नाही, म्हणून जावं लागतं. तिथे चार्जिंगची दोन यंत्रं आहेत," ताई कपात चहा ओतत म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता, ती प्रवासाची हकिगत सांगावी तशी सांगत होती. "एकाच्या डोक्यावर कायम पोतं घातलेलं. दुसऱ्यापुढे कुणीतरी पेट्रोलची गाडी लावून खरेदीला गेलेलं असतं. मग दुकानात जाऊन विचारायचं, अहो पांढरी गाडी कुणाची. तो माणूस पलंगावर बसून बघत असतो, मऊ आहे की कडक. त्याला उठवायचं. मग फोनवर त्यांचं ते ॲप उघडत नाही. दुसरीकडचं यंत्र आहे तर त्याचं ॲप वेगळं. आणि एवढं सगळं जुळलं की आपण बसायचं. हॉटेलातून चहा, दुकानातून पाणी, असं करत बसायचं. माझी वाचायची राहिलेली सगळी पुस्तकं वाचून झाली."

"आणि पेशंट?" मास्तरांनी विचारलं.

"सकाळचे दोघे सुटले. त्या टेकडीवरच्या आजी होत्या ना, हात वर जायला लागला होता आता कुठे. त्यांच्या मुलाने दुसरी बाई बघितली. त्याचं तरी काय चुकलं? मी म्हणायचे नऊ, पोचायचे अकराला." तिने बशी पुढे सरकवली. "घे. काल यंत्रसुद्धा बंद होतं म्हणून आज पहाटे खाली लावली, आणि हे असं झालं."

मास्तरांनी बशी हातात घेतली. ताई आता म्हणेल, आता विचारेल, असं त्यांना वाटत होतं. ती काही विचारेना. भावजींनी कोड्यातला शब्द विचारला, तो तिने सांगितला. सासूबाईंच्या औषधाचं काहीतरी निघालं, ते झालं. निघताना दारात मास्तरांनी धीर केला.

"ताई, ते मघाशी..."

"वायरमनला पाठव," ताई म्हणाली. "या वेळी पाठव."

आणि तिने दार लोटलं, हळूच, आवाज न करता.

मास्तर जिना उतरले. खाली सेक्रेटरी खिळे ठोकत होते. त्यांनी हातोडी थांबवून वाट दिली, आणि ती वाट देणंसुद्धा मास्तरांना लागलं.

आता हे घडलं कसं, ते सांगायला हवं. मास्तर काही लबाड माणूस नव्हते. आयुष्यभर त्यांनी विकण्याचंच काम केलं होतं. आधी शिवणयंत्रं, मग पंखे, मग पेट्रोलच्या दुचाकी, आणि शेवटी शोरूमचे मालक विजेवर आले तसे मास्तरही विजेवर आले. शिवणयंत्र विकताना ते आधी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बघत, खिडकीपाशी जागा आहे का, उजेड येतो का. उजेड नसेल तर चक्क म्हणत, बाई, इथे घेऊ नका, डोळे जातील. त्या प्रामाणिकपणाचं त्यांना कौतुक होतं आणि दुसऱ्यांनीही ते करावं असं वाटे.

विजेची गाडी मात्र उजेड बघून विकता येत नाही. गिऱ्हाईक येतं, रंग बघतं, सीटवर बसून उसळून बघतं आणि पहिला प्रश्न विचारतं, चार्जिंगचं काय? तिथेच गाडी विकली जाते किंवा जात नाही. मास्तरांनी त्याला एक उत्तर बसवलं होतं: "मोबाइल वापरता ना? तसंच. रात्री लावायचं, सकाळी काढायचं." लोकांना ते पटे. मोबाइलला कुणी सेक्रेटरी लागत नाही, वेगळी तार लागत नाही, आणि तो उशाशी ठेवता येतो, हे त्या क्षणी कुणाच्या लक्षात येत नसे. दुसरा प्रश्न असे, "तुम्ही स्वतः कुठली चालवता?" त्यालाही उत्तर होतं: "माझी बुक केलेली आहे." प्रत्यक्षात मास्तरांची पेट्रोलची गाडी शोरूमच्या मागच्या गल्लीत, कचऱ्याच्या डब्यापलीकडे उभी असे. तिथे सगळ्याच विक्रेत्यांच्या पेट्रोलच्या गाड्या उभ्या असत. मालकांनीच सांगितलं होतं, पुढे लावू नका, बरं दिसत नाही.

शोरूमची एक रीत मात्र चांगली होती. गाडी ताब्यात देण्याआधी वायरमन गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन येई. मीटर कुठे, गाडी उभी राहणार कुठे, तार किती लांब, अर्थिंग आहे की नाही, सगळं बघून तो हो किंवा नाही सांगे. वायरमन म्हणजे जाडजूड, संथ माणूस. बोलणं कमी आणि जे बोलेल ते बहुतेक नकारार्थी. विक्रेते त्याला नन्नाचा पाढा म्हणत. महिना संपायला आला की त्याला बघून विक्रेते तोंड फिरवत. तो एखाद्या घरी जाऊन आला आणि मान हलवली की झालेली विक्री मोडे.

ताईच्या गाडीच्या वेळी महिना संपायलाच आला होता. मास्तरांची विक्री कमी पडत होती, आणि त्यांच्यापेक्षा अर्ध्या वयाची पोरं विक्रीच्या फळ्यावर वर सरकली होती. वायरमनने पत्ता मागितला तेव्हा मास्तर म्हणाले, "अरे, माझ्याच बहिणीचं घर आहे ते. हजारदा गेलोय. जिन्याखाली प्लग आहे. तू कशाला हेलपाटा घालतोस?" तो प्लग त्यांनी पाहिला होता, हे खरं. रखवालदार त्याच्यावर चहाची किटली लावायचा. वायरमन म्हणाला, "बघतो की, वाटेवरच आहे." मास्तर म्हणाले, "नको म्हटलं ना."

सख्ख्या बहिणीचं घर, म्हणून बघायची गरज नाही, असं त्यांनी वायरमनला सांगितलं आणि मग स्वतःलाही तेच सांगितलं. पण दुसऱ्या कुणाचं घर असतं तर त्यांनी वायरमनला अडवलं नसतं. अडवायची वेळच आली नसती. तीन मजल्यांची जुनी इमारत, एक मीटरची खोली, एक पंप. तिथे वायरमन काय म्हणेल ते मास्तरांना माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच अडवलं होतं. हा विचार त्यांनी इतके दिवस मनातल्या मनात कडेकडेने चालवला होता. ताईच्या जिन्यावरून उतरताना तो अगदी समोर येऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वायरमनला ताईकडे पाठवलं आणि स्वतः शोरूममध्ये थांबले. एक जोडपं आलं होतं. बाईंनी रंग पसंत केला, नवऱ्याने सीटवर बसून पाहिलं आणि विचारलं, "चार्जिंगचं काय?"

"मोबाइल वापरता ना?" मास्तर म्हणाले, आणि थांबले.

ती दोघं वाट बघत राहिली. "वापरतो की," नवरा म्हणाला. "मग?"

"कितव्या मजल्यावर राहता?"

"चौथ्या. का हो? गाडी काय चौथ्या मजल्यावर न्यायची असते?"

बाई हसल्या. मास्तरांना हसू आलं नाही. ते म्हणाले, आमचा वायरमन आधी येऊन बघेल, मग ठरवू. बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आधी एवढं सोपं वाटत होतं. दोघं एकमेकांकडे बघून 'विचार करतो' म्हणाली आणि गेली. पलीकडच्या टेबलावरच्या विक्रेत्याने मान वर करून पाहिलं. "मास्तर, बरं नाही का?" त्याने विचारलं.

दुपारी वायरमन आला. तो सरळ मास्तरांच्या टेबलाशी आला आणि उभाच राहिला. एरवी तो आल्या आल्या खुर्ची ओढून पाय लांब करी.

"होणार नाही," तो म्हणाला. "इमारतीला येणारी वीजच पुरत नाही. नवी जोडणी घ्यायची तर सगळ्यांच्या सह्या पाहिजेत. तळमजल्यावरचे आजोबा आणि तो शिंपी, दोघं नाही म्हणतात. मीही त्यांच्या जागी असतो तर नाहीच म्हणालो असतो."

"बरं," मास्तर म्हणाले. त्यांना ठाऊक होतंच.

"अजून एक आहे." वायरमनने बॅग एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "तुमच्या ताईंनी खाली सगळ्यांसमोर मला विचारलं, 'तुम्ही मागे येऊन गेलात ना, दुपारचे?' मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. त्या घामाघूम झाल्या होत्या. बाई माझ्या आईच्या वयाच्या नाहीत, पण मला आईच आठवली. मी काय बोलणार? हो म्हणालो."

मास्तरांनी समोरची पावत्यांची वही मिटली.

"मग त्या किल्ल्यांवाल्या गृहस्थांनी मला तो प्लग काढून दाखवला. जळालेला. आणि म्हणाले, असला प्लग बघूनही तुम्ही हो म्हणून गेलात? मी मान खाली घालून उभा राहिलो, मास्तर. या हातांनी आजवर मी एक खोटी जोडणी केलेली नाही, म्हणून तर तुम्ही सगळे मला नन्नाचा पाढा म्हणता. मला माहीत आहे, म्हणता ते. त्याचं मला काही नव्हतं वाटत कधी. आज त्या गृहस्थांच्या नजरेला नजर देता आली नाही. त्यांचा पुतण्या नवी इमारत बांधतोय. ते काम आता गेलं म्हणा. पण कामाचंही नाही एवढं."

"मी बोलतो त्यांच्याशी," मास्तर म्हणाले.

"काय बोलणार?" वायरमनने विचारलं. टोमणा नव्हता, तो खरंच विचारत होता. मग तो निघून गेला.

मास्तर बसून राहिले. आपण एक शब्द गिळला तर त्यासाठी ताईला खोटं बोलावं लागलं, आणि ताईचं खोटं झाकायला वायरमनला. असं करत करत ते आता आपल्या हाताबाहेर कुठेतरी पसरत चाललं होतं. आणि आपण? आपण अजून एकही शब्द खोटं बोललो नव्हतो त्या जिन्याखाली. नुसते गप्प उभे होतो. या गोष्टीचा थोडासा आधार त्यांना कालपासून वाटत होता, आणि आता त्याचीच सगळ्यांत जास्त लाज वाटली.

संध्याकाळी ते मागच्या गल्लीतून आपली गाडी काढून घरी आले. घर तळमजल्याचं, बैठं, स्वतःचं मीटर, फाटकाच्या आत एक गाडी उभी राहील एवढी फरसबंदी. गाडी आत घेताना त्यांची नजर भिंतीवरच्या प्लगवर गेली. अंगण धुवायच्या यंत्रासाठी तो त्यांनी वायरमनकडूनच बसवून घेतला होता, जाड तारेचा, झाकणाचा, अगदी पक्का.

जेवायला बसल्यावर बायकोने विचारलं, "वन्संकडचं काय झालं?" एरवी ती ताईंना ताईच म्हणे. वन्सं म्हणाली की समजावं, आज हवा ठीक नाही. भावजींचा तिला दुपारी फोन आला होता आणि भावजींनी थट्टेथट्टेत सगळं सांगितलं होतं.

"तार ओढता येत नाही."

"मग आता?"

"विकावी म्हटलं तर कोण घेणार? वापरलेली विजेची गाडी म्हटली की लोक बॅटरीचं नाव काढून अर्धा भावसुद्धा देत नाहीत."

"हे तुम्हाला आधी माहीत होतं?" कॉलेजातल्या मुलीने विचारलं. ती वाद घालायला म्हणून विचारत नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि त्यामुळेच ते जास्त टोचलं.

"बाबांना सगळं माहीत असतं," बायको म्हणाली. "मागे मी म्हटलं, आपणही विजेची घेऊ या, तेव्हा हेच म्हणाले ना? तुझ्या आईच्या गावापर्यंत वाटेत एकच चार्जर, तोही निम्मा वेळ बंद. थंडीत गाडी कमी पळते. घाटात बॅटरी बघता बघता उतरते. आईकडे दर आठवड्याला जायचं असेल तर हे नाव काढू नकोस. शब्द न् शब्द आठवतो मला. मी म्हटलं, बाई, नवरा किती सरळ आहे, विकायची वस्तू आहे तरी घरात खोटं सांगत नाही." तिने मास्तरांच्या पानात भाजी वाढली. "मला सांगितलंत. ताईंना का नाही सांगितलंत?"

मास्तरांनी पानातली भाजी बाजूला सारली.

"लहानपणी तुमचं बोट धरून शाळेत त्यांनी नेलं," बायको पुढे म्हणाली, "मी नाही. तुम्ही आजारी होतात तेव्हा परीक्षा कुणी सोडली? हे मला तुम्हीच सांगता, दर वेळी, डोळ्यांत पाणी आणून."

"आई, बास आता," मुलगी म्हणाली. "जेवू दे त्यांना."

"जेवू दे की. मी कुठे ताट ओढतेय?"

मास्तरांनी खरंच दोन घास खाल्ले. चव लागली नाही, पण खाल्ले. मग पाण्याचा पेला उचलला, तो तसाच खाली ठेवला. बायको त्यांच्याकडे बघत होती. ते रागावतील, उठून जातील, निदान 'तुला काय कळतं धंद्यातलं' म्हणतील, याची तिने तयारी ठेवली होती.

"आईकडे तू दर आठवड्याला जातेस," ते म्हणाले.

"जाते. का?"

"बसने किती वेळ लागतो?"

"दोन बस बदलाव्या लागतात. का विचारताय हे?"

मुलीने घास हातातच धरला. तिला बापाचा हा आवाज ओळखीचा नव्हता. त्यात समजावून सांगणं नव्हतं.

"उद्या सकाळी आपली गाडी मी ताईकडे नेऊन ठेवणार आहे," मास्तर म्हणाले. "पेट्रोलची तिला कुठेही चालेल. तिची इथे येईल, आपल्या प्लगवर लागेल. उसनी म्हणून नाही, कायमची. तू आईकडे बसने जा, नाहीतर मी सुट्टीच्या दिवशी नेत जाईन, वाटेत थांबत थांबत. आणि गाडी देऊन झाली की मी खाली सेक्रेटरींकडे जाऊन सगळ्यांसमोर सांगणार आहे, की गाडी देण्याआधी कुणीही बघायला आलं नव्हतं. ताई आणि वायरमन दोघंही माझ्यासाठी खोटं बोलले. वायरमनला मीच जाऊ दिलं नव्हतं."